वरून विझलेली आग

चहाची ट्रॉली मागे ढकलून वर्षालीने खिडकीतून पाहिलं. विमानाच्या उजव्या इंजिनातून ज्वाळा निघत होत्या. खाली हिंगणघाट नुकतंच मागे पडलं होतं आणि नागपूर अजून दहा मिनिटं दूर होतं.

कॅप्टनचा फोन आलाच. इंजिनाचं इंधन तोडून आग विझवणाऱ्या वायूची पहिली बाटली त्यात सोडली होती. अर्ध्या मिनिटाने दुसरी सोडली. तिसरी नसते, हे वर्षालीला पक्कं ठाऊक होतं. नालवाडीत तिची आई अजूनही शेजारणींना सांगते, पोरगी वर लोकांना चहापाणी देते. आईला तेवढंच माहीत आहे ते बरंच आहे.

ज्वाळा दिसेनाशा झाल्या. विमान नागपूरच्या धावपट्टीवर उतरून थांबलं तसं लोकांनी टाळ्या वाजवल्या. आगीचा इशारा देणारा दिवा विझलाय, जागेवरच बसा, असं कॅप्टनने सांगितलं. ऐकतो कोण! निम्मे लोक उठून बॅगा काढू लागले.

पंखापाशी खिडकीला बसलेल्या एका म्हाताऱ्याने तिचा हात धरला. बंडूजी त्यांचं नाव.

"बाई, ते विझलं नाई. आतून धुमसून राह्यलं."

"काऊन असं म्हणता, काका?" तिच्या तोंडून घरचीच बोली निघाली.

"जिनिंगात तीस वर्सं काढली म्या. कापसाची गठान वरून थंडी अन् आतून निखारा. तो रंग पाह्य, फुगून राह्यला."

इंजिनाच्या पांढऱ्या आवरणावर खरंच फोड येत होते. पण विमान रिकामं करायला लावलं आणि अंदाज चुकला तर? उड्या मारताना चार जणांचे पाय मोडणार, आणि तिची नोकरी जाणार. तिने फोन उचलला.

"सर, आग आत आहे अजून. मी बघतेय."

मग कॅप्टनचा हुकूम आला, विमान रिकामं करा.

बाहेर आग नाही हे काचेतून बघून तिने डावीकडचं दार उघडलं, तशी दाराखालची रबरी घसरगुंडी फुगून जमिनीला टेकली. "बॅगा सोडा! बसा, घसरा!" एकाने छातीशी धरलेली बॅग तिने हिसकावून मागे फेकली. शेवटची माणसं उतरत होती तेव्हा उजव्या खिडक्या लाल झाल्या.

दूर गवतावर उभे राहून लोक जळतं विमान मोबाइलवर टिपत होते. बंडूजी तेवढे पाठ फिरवून बसले होते.

"काका, तुमी वाचवलं सगळ्याईले," वर्षाली शेजारी बसत म्हणाली.

"जिनिंगातही सांगतलं होतं म्या. मालक म्हणे, विझली आग, बायायले कामाले लाव." ते थांबले. "तिघी गेल्या. त्यातली एक माही घरवाली, रुख्मिणी."

वर्षालीला रडू फुटलं. त्यांच्या सदऱ्यावर उडून आलेली राख तिने हलक्या हाताने झटकली.