जोड्या धरणारी दोरी

मी एक जुनी दोरी आहे आणि मित्रांनो, सध्या मी जीव मुठीत धरून आहे.

माझं आयुष्य सुरू झालं वर्सोव्याच्या कोळीवाड्यात. सरूबाईंनी मला बांबूंना ताणून बांधलं आणि माझ्यावर बोंबील वाळत घातले, जबड्यात जबडा अडकवून, दोन-दोन. एकटा बोंबील दोरीवर टिकत नाही, घसरून पडतो. वीस वर्षं मी त्या जोड्या धरल्या. सरूबाईंची दोरी कधी सैल पडत नाही, असं शेजारणी म्हणत.

मग सरूबाईंचे गुडघे थकले आणि त्यांच्या लेकीने, हेमांगीने, मला घरात बांधलं. ती कादंबरी लिहीत होती. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर ती एकेक प्रसंग लिही आणि चिमट्याने मला लावी. तेही जोडीनेच. वादळात अडकलेल्या बापाचा एक, त्याच वेळी किनाऱ्यावर वाट बघणाऱ्या पोरीचा एक. मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटे.

गेल्या महिन्यात तिचा भाऊ प्रितम हसला. "घरात बोंबील वाळवतेस काय? यासाठी सॉफ्टवेअर असतं ना."

हेमांगीने तीन सॉफ्टवेअर पाहिली आणि दिसायला झकास होतं ते निवडलं. सगळ्या पत्रिका त्यात टाईप करून तिने रद्दीवर ठेवल्या. मग कात्री घेऊन ती माझ्याकडे आली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण कात्रीपुढे कसला पीळ! तिने पातं माझ्यावर टेकवलं. एक धागा तुटलासुद्धा.

सरूबाईंना वाचता येत नाही. त्या नुसत्याच कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होत्या.

"जोड्या कुठं गेल्या गो?" त्यांनी विचारलं.

हेमांगीचा हात थांबला. सॉफ्टवेअरने बापाचे सगळे प्रसंग एकीकडे आणि पोरीचे दुसरीकडे लावले होते. बाप सुखरूप घरी आल्यावर पोर किनाऱ्यावर रडायला लागत होती. वाचणाऱ्याला धास्ती कशाची वाटणार?

रद्दीतून पत्रिका काढून माझ्यावर जोड्या पुन्हा लावायला तिला दोन दिवस लागले. आता ती दोन प्रसंग शेजारी ठेवू देणारं सॉफ्टवेअर शोधते आहे, आणि ते सापडायलाही हवं, कारण माझा तुटलेला धागा रोज थोडा उसवतो.

म्हणून मित्रांनो, नवीन जरूर आणा. फक्त जुनं कापण्याआधी ते काय धरून होतं, एवढं बघा. कात्री अजून समोरच्या खिळ्याला लटकते आहे, आणि आमच्या घरात जुनं काय धरून आहे ते बघणाऱ्या सरूबाई आता ऐंशीच्या आहेत.