हातोदची पंगत

न्यूनगंड हा शब्द श्रीहरी सरांना फार आवडायचा. जेवणानंतर काही माणसं बडीशेप चघळतात, तसे ते तो शब्द दिवसभर चघळत. पुण्याहून काही वर्षांपूर्वी इंदूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला आलेले हे गृहस्थ. आवाज मऊ, कुर्ता कडक इस्त्रीचा, आणि समोरचा माणूस बोलायला लागला की त्याचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मान डोलवायची सवय. समुपदेशकांसाठी त्यांनी अॅडलर या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीचा जादा अभ्यासक्रम सुरू केला होता. शनिवार-रविवार, लालबागेच्या मागच्या रस्त्यावर, एका संस्थेच्या सभागृहात. शाळांतले, दवाखान्यांतले, कुटुंब न्यायालयातले पंधरा-वीस समुपदेशक तिथे जमत.

दीक्षा त्यातलीच एक. इंदूरजवळच्या महूची मुलगी, इंदूरच्या एका खासगी शाळेत समुपदेशक. शाळेने या वर्षी फर्मान काढलं होतं, की नवीन प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर जूनपासून दुसरी व्यक्ती बघू. त्या शाळेतली जिन्याखालची बारकी खोली दीक्षाने स्वतः रंगवून घेतली होती. वर्गात तोंड न उघडणारी मुलं तिथे येऊन बोलायची. ती खोली सोडायची कल्पनासुद्धा तिला सहन होत नव्हती.

आणि गंमत म्हणजे तिला ही पद्धत मनापासून पटली होती. माणूस नुसता भूतकाळाने ढकलला जात नाही, तो पुढच्या कशाकडे तरी निघालेला असतो, हे तिने पहिल्याच दिवशी ऐकलं आणि तिला बरं वाटलं. त्याहून आवडला तो एक नियम. समुपदेशकाने समोरच्याच्या मनाचा अर्थ लावून त्याच्या हातात द्यायचा नाही. अंदाज मांडायचा, तोही विचारून, 'असं तर नसेल?' समोरचा नाही म्हणाला, की अंदाज मागे घ्यायचा. हा नियम श्रीहरी सरांनीच शिकवला होता. पाळायचा मात्र बाकीच्यांनी.

शेवटच्या शनिवारी पहिल्या आठवणींचं काम उरलेलं होतं. लहानपणची अगदी पहिली आठवण सांगायची आणि त्यातून माणूस स्वतःला, जगाला कसं बघतो ते ओळखायचं. आदल्या आठवड्यात मनोरमाताईंची पाळी झाली होती. ताई म्हणजे कुटुंब न्यायालयात नवरा-बायकोंना समजावणाऱ्या, इंदूरच्या जुन्या मराठी घरातल्या, साठी ओलांडलेल्या बाई. सरांनी त्यांना सांगितलं, तुम्ही भावंडांत थोरल्या, तुम्हाला सत्ता हवी असते. ताई हसून हो म्हणाल्या होत्या. आज सरांनी पुढच्या खुर्चीवर दीक्षाला बोलावलं.

"मी चार-पाच वर्षांची असेन," दीक्षा सांगू लागली. "माझे आजोबा फौजेत होते. त्यांच्या पलटणीतल्या दोस्ताच्या मुलीचं लग्न होतं, इथून जवळच, हातोदला. आम्ही पोचलो तर मांडवात मोठी पंगत बसली होती. एक वाढणारा माणूस पुढे आला आणि म्हणाला, आप लोग उधर, पेड़ के नीचे बैठो. आजोबांनी मला उचललं, सरळ मधल्या पंगतीत नेलं आणि बसले. मला मांडीवर घेतलं. मग दाल-बाफले आले. वरून गरम तूप. माझ्या बोटाला चटका बसला, पण मी बोट काढलं नाही. बस, इतकंच."

त्या झाडाखाली कोणाला बसवतात आणि का, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं.

इथे सरांनी विचारायला हवं होतं. ते उठले आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून मोकळे झाले, 'मी कमी आहे.'

"हा या मुलीने काढलेला निष्कर्ष," ते वर्गाकडे वळून म्हणाले. "मला जागा नाही, ती भांडून मिळवावी लागते. ही चुकीची समजूत आयुष्यभर पुरते. बघा त्यांच्या बोलण्यातली धार."

"सर, मला तसं नाही वाटत," दीक्षा म्हणाली. "मला तिथे कमी नव्हतं वाटलं. मला छान वाटलं होतं."

"अर्थातच. तो अभिमान म्हणजे न्यूनगंडाची भरपाई."

"पण झाडाखाली बसा असं मी थोडीच म्हटलं होतं? ते तर त्यांनी म्हटलं."

"ती सामाजिक परिस्थिती झाली. आपण इथे व्यक्तीच्या मनावर काम करतो. तुम्ही आत्ता जे करताय, त्याला प्रतिकार म्हणतात."

काही जण हसले. दीक्षा गप्प बसली, तर सर म्हणाले, हे मौनही बोलकं आहे. आता अशा माणसापुढे करावं तरी काय? बोललं तर प्रतिकार, गप्प बसलं तर पुरावा. आणि जात हा शब्द या गृहस्थांनी दिवसभरात एकदाही उच्चारला नाही. उद्या प्रत्येकाने आपल्याबद्दल जे उमगलं ते सगळ्यांसमोर स्वीकारायचं, त्याशिवाय प्रमाणपत्र नाही, असं सांगून त्यांनी चहाची सुट्टी दिली.

बाहेर पोहे होते, वर शेव आणि जीरावन मसाला. दीक्षा एकटीच बाजूला उभी होती. मनोरमाताई प्लेट घेऊन जवळ आल्या.

"म्हणून टाक गं. हो सर, मला कमी वाटायचं. एक वाक्य तर आहे. तुझं काय जातंय?"

"तुमचं काय गेलं ताई, हो म्हणताना?"

"माझं काय जायचंय? घरी गेले, विसरले."

"मला नाही विसरता येणार," दीक्षा म्हणाली. तिच्या डोक्यात तिडीक गेली होती. "त्या माणसाने आजोबांना जे म्हटलं, तेच मी आता माझ्या तोंडाने म्हणू? आणि त्यासाठी टाळ्या घेऊ?"

ताई शेव वेचत राहिल्या.

संध्याकाळी ती स्कूटर काढून तडक महूला गेली. आई, प्रभावती, ओट्यावर बसून मेथी निवडत होती. दीक्षाने चप्पल काढायच्या आत सगळं सांगून टाकलं. सर, फळा, ते वाक्य. आईने मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"पण आपण बसलो कुठे गं?" ती म्हणाली.

"कुठे म्हणजे? मधल्या पंगतीत."

"नाही बेटा. मी होते ना सोबत. बाबांनी, तुझ्या आजोबांनी, तुला उचललं आणि उलट्या पावली बाहेर. दोस्त बिचारा आत मंत्रात अडकलेला, त्याला मालूमच नाही. तू भूक-भूक करून रडत होतीस. बसस्टँडवर बाबांनी तुला जिलेबी घेऊन दिली. आम्ही दोघं तसेच उपाशी आलो."

दीक्षा खाली बसली. इतकी वर्षं जिच्या आधाराने ती ताठ उभी होती ती गोष्ट घडलीच नव्हती. तिला आधी आईचा राग आला, मग आजोबांचा, मग स्वतःचा. श्रीहरी सरांना हे कळलं तर किती आनंद होईल, हे मनात आलं आणि तिला रडूच फुटलं.

"मग मला कोणी का नाही सांगितलं?"

"तू दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईला सांगितलंस, आम्ही मधे बसलो, बाफले खाल्ले. बाबा खाटेवर बसले होते. मी म्हटलं, आता बाबा रागावतील. तर तुलाच विचारतात, मग काय वाढलं? और घी? गरम था क्या? तू सांगायचीस, ते मान हलवायचे. मग रोजचंच झालं. कोणी पाहुणा आला की म्हणायचे, दीक्षा, हातोदचं सांग."

"आणि तू?"

"मी एकदा म्हटलं, बाबा, लेकरू झूठ बोलतंय, सुधारा तिला. तर माझ्यावरच बिगडले. म्हणाले, झूठ नाहीये ते. मी परत आलो, पण ते लेकरू तिथे बसून आलंय. तिला उठवू नको."

दीक्षाने डोळे पुसले आणि आईची उरलेली मेथी निवडायला घेतली. उद्या हे लपवता आलं असतं. हातोदला कोण विचारायला जाणार होतं? पण लपवायचं म्हणजे लाज आपली मानायची, आणि ती तिची नव्हतीच.

रविवारी सभागृह भरलं होतं. आदल्या दिवशी हसलेले आज जरा सरसावून बसले होते. एकेक जण उठून आपल्याबद्दल कबुली देत होता, सर मान डोलवत होते, टाळ्या पडत होत्या. दीक्षाचं नाव आलं. ती पुढच्या खुर्चीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. उलट्या पावली परतणं, जिलेबी, उपाशी पोटी परतलेले आजोबा, खाटेवरून विचारलेले प्रश्न. काही वगळलं नाही.

श्रीहरी सरांचा चेहरा उजळला.

"शाबास! याला धैर्य लागतं. म्हणजे बघा, जखम इतकी खोल होती, की मुलीला खोटी आठवण रचावी लागली. आता तरी आपण फळ्यावरचं वाक्य..."

"थांबा सर. माझं झालं नाही."

मऊ आवाजाच्या माणसांना कोणी थांबवलेलं नसतं. ते थांबले खरे.

"ते वाक्य माझं नाही," दीक्षा म्हणाली. "ते त्या वाढणाऱ्याचं आहे. चार वर्षांच्या मुलीशेजारी बसून जेवलं तर आपण कमी होऊ, असं ज्याला वाटलं, न्यूनगंड त्याचा. त्याला या कोर्सला बोलवा, त्याची पहिली आठवण विचारा. मी काय केलं? मला बसू दिलं नाही, मी मनात जाऊन बसले. माझ्या आजोबांना ते दिसलं. त्यांनी कुठला कोर्स केला नव्हता, पण त्यांनी मला विचारलं, मग काय वाढलं? तुम्ही विचारलं नाहीत सर. तुम्ही लिहून टाकलंत. तुम्हीही मला सांगितलंत, की तुझी जागा अमुक."

"हे अत्यंत अन्यायाचं बोलणं आहे. तुम्ही माझ्यावर जातीयतेचा..." तो शब्द शेवटी सरांच्या तोंडून निघाला आणि ते स्वतःच दचकले.

"तसं मी म्हटलेलं नाही. मला फक्त एक विचारायचंय. तुम्ही शिकवलं त्या पद्धतीने. विचारू?"

मागच्या रांगेतून अर्पित नावाचा दवाखान्यातला समुपदेशक म्हणाला, "पूछने दो ना, सर." सरांना हो म्हणावंच लागलं.

दीक्षाने खुर्ची थोडी पुढे ओढली. आवाज खाली आणला. शाळेतल्या त्या खोलीत मुलांशी बोलायचा तिचा तोच आवाज होता.

"सर, असं तर नसेल, की मी हो म्हटलं नाही तर तुमचं शिकवणं कुठेतरी कमी पडलं, असं तुम्हाला वाटतं?"

श्रीहरी सर लालबुंद झाले. "नाही! मुळीच नाही."

"बरं," दीक्षा म्हणाली. "तुम्ही नाही म्हणालात. मी मान्य केलं. अंदाज मागे घेतला."

ती उठली नाही, फळ्याकडे गेली नाही, कोणाकडे बघून हसलीही नाही. तुमचा राग बोलका आहे असं म्हणायची आयती संधी तिच्यासमोर होती आणि ती तिने घेतली नाही. सर उभ्याउभ्या वाट बघत राहिले, की आता ही पुढे काहीतरी म्हणेल. ती काहीच म्हणाली नाही.

"मी तुम्हाला प्रमाणपत्र देऊ शकत नाही," सर शेवटी म्हणाले.

"नका देऊ. आमच्या शाळेच्या प्राचार्यांना मी उद्या स्वतः सांगेन, का नाही मिळालं ते." जिन्याखालची खोली तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि जून फार लांब नव्हता. तरी ती आपल्या जागेवर जाऊन बसली. निघून जावं असं तिला वाटलं नाही.

सरांनी घसा साफ केला आणि पुढचं नाव घेतलं. मनोरमाताई उभ्या राहिल्या. पदर नीट केला, पण पुढच्या खुर्चीकडे गेल्या नाहीत.

"सर, मागच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, मला सत्ता हवी असते. मी हो म्हटलं होतं."

"हो, फार सुंदर स्वीकार होता तो."

"मला पटलं नव्हतं," ताई म्हणाल्या. "मला घरी लवकर जायचं होतं, म्हणून हो म्हटलं. इथे कितीजणांनी असंच हो म्हटलंय, ते तुम्ही एकदा विचारून घ्या."

सरांनी वर्गाकडे बघितलं. कोणीही त्यांच्या नजरेला नजर दिली नाही.