नऊ गंडे

आईच्या डाव्या दंडावर नऊ गंडे होते. पाच काळे, तीन लाल, एक पिवळा. त्यांतल्या दोनांत तांब्याचे ताईत ओवलेले. दिशाने ते दोनदा मोजले, कारण सुजलेल्या कातडीत रुतून बसलेला एक काळा गंडा पहिल्यांदा तिच्या नजरेतून सुटला होता.

"दंड आहे की बडा बाजार?"

"बाजारच. आणि तू फुकटची गिऱ्हाईक," आई म्हणाली आणि पदर दंडावर ओढून घेतला.

आईच्या डाव्या स्तनात गाठ होती. ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. दोन्ही वेळा शिल्पा नर्स कात्री घेऊन आली, "अम्मा जी, ये सब उतारना पड़ेगा" म्हणाली, आणि आईचा रक्तदाब १९६ वर ११० झाला. आज सकाळी अकराची तिसरी वेळ. आता काखेतही गाठ आली होती. आज झालं नाही तर पुढे चाकू लावण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरांनी दिशाला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

दिशाचे आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नगरहून झाशीला आलेले. इथली चार मराठी ख्रिस्ती घरं दर रविवारी आळीपाळीने एकमेकांकडे प्रार्थनेला जमत. दोन वर्षांपूर्वी दिशाच्या भावाचा, अमोघचा ताप हटेना, तेव्हा ओरछा गेटजवळ राहणाऱ्या जानकीचाचींनी मायेने त्याच्या मनगटाला काळा धागा बांधला. आईने तो कापला. "आपल्याला राखणारा प्रभू आहे," म्हणाली. ताप उतरला. आठव्या दिवशी मऊरानीपुरच्या रस्त्यावर ट्रकने अमोघच्या मोटरसायकलला उडवलं.

तेव्हापासून जो देईल त्याचा गंडा आई बांधून घेऊ लागली. सगळे दिशासाठी. एक जरी काढला तरी दिशा जाईल, एवढंच तिच्या मनाने धरलं होतं. रविवारी ती लांब बाह्यांचं पोलकं घालून प्रार्थनेला बसे, तोंड मिटून. एम.एस्सी. झालेल्या दिशाने तिला अपघातांचे आकडे मांडून दाखवले. आईने ते नीट ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी आठवा गंडा आणला.

"अमोघ किती वेळ पडून होता गं?" आईने आत्ता विचारलं.

हे तिने कधीच विचारलं नव्हतं. दिशाने पोलिसांच्या कागदात वाचलं होतं.

"बावीस मिनिटं."

"एकटा?"

"हो."

आई खिडकीकडे वळली. "प्रभूसुद्धा क्रुसावर एकटाच होता. बापाला हाका मारत होता." मग म्हणाली, "म्हणजे तिथं कसं वाटतं ते त्याला ठाऊक आहे. तो बसला असेल अमोघपाशी. दुसरं कोण बसणार?"

"आई, नको आता."

"बोलू दे. मी तेव्हा धागा कापला, तो सौदाच होता. प्रभू, मी कापते, तू पोराला राख. आणि हे नऊ, हाही सौदाच. तू राहशील का, मला माहीत नाही दिशा. मी राहीन का, तेही नाही. पण एकटं कुणी पडणार नाही. कात्री दे."

दिशाचा गंड्यांवर विश्वास नव्हता, तरी टेबलावरची कात्री आईच्या हातात देऊनही तिने ती क्षणभर सोडली नाही.

आठ गंडे आईने स्वतः कापले. रुतलेला नववा दिशाला काढावा लागला.

"हळू. जानकीचाचींचा आहे तो. फेकू नकोस."

मग आईने डोळे मिटले आणि दोन वर्षांनी मोठ्याने प्रार्थना केली. अमोघचं नाव आलं तिथे तिचा आवाज फुटला. ती थांबली, रडली, आणि पुन्हा तिथूनच पुढे गेली. शिल्पा रक्तदाब मोजायचा पट्टा हातात घेऊन दाराशी उभी राहिली होती.

दिशाने कापलेले धागे रुमालात बांधताना मोजले. नऊ. शिल्पाने आईच्या उजव्या दंडाला पट्टा गुंडाळला. दहा वाजून चाळीस मिनिटांनी रक्तदाब १३४ वर ८२ होता.