एकेरी तिकिटाच्या बाई

तिचं खरं नाव शाळेच्या मस्टरवर होतं तेवढंच. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. हे नाव वडिलांनी ठेवलेलं. रांगायच्या वयात ती रांगलीच नाही, एकदम उठून पळायला लागली, म्हणून. पुढे चाळिशी उलटली तरी नावही सुटलं नाही आणि गुणही. तीन शाळा बदलून झाल्या. दोन स्थळं ठरत आलेली मोडली; एक त्यांनी मोडलं, एक हिनं. वर्गात ती खुर्चीवर कधी टेकली नाही. फळ्यापासून शेवटच्या बाकापर्यंत तिच्या अशा येरझाऱ्या चालत, की इंग्रजीच्या तासानंतर माना अवघडतात अशी पोरांची तक्रार असे.

सोळा वर्षं तिनं इंग्रजी शिकवलं. व्याकरणात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. पण एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. ज्याला मराठी येत नाही अशा माणसाशी ती आयुष्यात एकदाही इंग्रजी बोलली नव्हती. काठावर उभं राहून पोहायला शिकवणाऱ्या मास्तरासारखी तिची गत होती, आणि हे तिला आतून सारखं टोचत असे.

म्हणूनच परदेशातल्या एका लहानशा भाषाशाळेला इंग्रजीच्या बाई हव्यात, अशी जाहिरात दिसली तेव्हा तिनं घरात न विचारता अर्ज केला. निवड झाल्याचं पत्र आल्यावर मात्र सांगावंच लागलं.

"जायचं तर जा," तिचा थोरला भाऊ म्हणाला, "पण परतीचं तिकीट हातात घेऊन जा."

"दादा, शाळा जायचंच तिकीट देते. वर्ष पुरं केलं की यायचं."

"आणि मध्येच काही झालं तर?"

"झालं तर बघू."

"आयुष्यभर हेच म्हणत आलीस. बघू तू म्हणायचं आणि बघायचं आम्ही!"

"अहो, जाऊ दे ना तिला," वहिनी आतून म्हणाली. "इथं बसून तरी ती कुठं बसते?"

आई लसूण सोलत होती. तिनं एवढंच विचारलं, "तिथं थंडी असते का गं?"

निघायच्या दिवशी दादाचं डोकं दुखत होतं. तो विमानतळावर आला नाही.

विमानात भिंगरीनं एक वाक्य तयार केलं. इंग्रजीत, कर्मणी प्रयोगात, दोन उपवाक्यांसह. आपल्याला सदर संस्थेनं अध्यापनासाठी पाचारण केलं असून, करार पूर्ण होण्याच्या अटीवर परतीची व्यवस्था केली जाणार आहे, अशा अर्थाचं. उतरेपर्यंत तिनं ते शंभर वेळा घोकलं. काचेच्या खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडताच तिनं ते एका दमात म्हणून टाकलं. अधिकाऱ्यानं मख्खपणे तिच्याकडे पाहिलं. त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं.

"तिकीट?" तो इंग्रजीत म्हणाला. मग त्यानं हाताचं विमान करून ते उलटं फिरवलं. "परत. तिकीट. कुठे?"

तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. त्यानं शिक्का बाजूला ठेवला आणि तिला एका खोलीत नेऊन बसवलं.

बसवलं म्हणजे, बस म्हटलं. खोलीत जमिनीला ठोकलेला एक बाक होता, भिंतीवर घड्याळ होतं, आणि लांबी सात पावलं, रुंदी पाच. हे तिला पाचच मिनिटांत कळलं, कारण तिनं चालायला सुरुवात केली होती. इथूनच परत पाठवलं तर? दादा काही बोलणार नाही, नुसता सुटकेस उचलेल. ते न बोलणंच तिच्यानं सहन झालं नसतं.

तासाभरानं तोच अधिकारी आला. हातात तिचं पत्र होतं. त्यानं तिच्या येरझाऱ्या थोडा वेळ पाहिल्या आणि शब्द जुळवत विचारलं, "घर... परत जाणं... का नाही?"

भिंगरीनं तोंड उघडलं. घोकलेलं वाक्य ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. मग तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं सहावीच्या पोराच्या वहीत पाहिलं असतं, तर लाल शाईनं रंगवून काढलं असतं.

"घर, हो. आई घर. भाऊ घर. भाऊ राग! मी काम. शाळा. एक वर्ष. मग घर."

अधिकाऱ्याच्या भुवया वर गेल्या. "भाऊ राग?"

"खूप राग."

"माझा भाऊ पण," तो म्हणाला आणि चक्क हसला. त्यानं शाळेला फोन लावला. दोन तासांनी शाळेच्या संचालिका धापा टाकत आल्या, कुठल्या कुठल्या कागदांवर सह्या केल्या, आणि भिंगरी एकदाची त्या देशात शिरली.

शाळा म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. राहायची खोली दोन गल्ल्या पलीकडे, लॉन्ड्रीच्या वर. खालून दिवसभर वाफेचा फुसफुसाट यायचा आणि फरशी कायम कोमट असायची. वर्गात आठ जण होते, सगळी मोठी माणसं. दोन नर्सेस, एक बसड्रायव्हर, एक औषधवाला, असे. त्यातच सत्तरीला आलेली एक शिवणकाम करणारी बाई होती. सगळे तिला त्यांच्या भाषेत ज्या शब्दानं हाक मारत, त्याचा अर्थ संचालिकांनी सांगितला तो असा, की भिंगरीनं मनात तिला मावशीच म्हणायला सुरुवात केली. मावशीच्या गळ्यात मोजपट्टी सदा असायची; वर्गात येतानाही ती काढायची विसरायची.

विमानतळावरचा प्रसंग भिंगरी आठ दिवसांत विसरली आणि पुन्हा काळ शिकवायला लागली. साधा, चालू, पूर्ण. कुणी वाक्य सुरू केलं की मध्येच तोडून दुरुस्त करायची. हळूहळू कुणी वाक्य सुरूच करेना. सगळे वहीत लिहून घेत आणि माना डोलावत. तिला कोंडल्यासारखं होऊ लागलं. तास संपला की ती भराभर चालत सुटायची, बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जायची आणि तिथं काहीच नाही म्हणून परत यायची. आईला फोन करायची. आई थंडीचं विचारायची. मागे दादाचा खोकला ऐकू यायचा, पण तो फोनवर यायचा नाही.

दीड महिन्यानं मावशी तासानंतर थांबली. तिची लेक दूर देशात लग्न करून राहिली होती. नात सहा वर्षांची, तिला आजीची भाषा येत नव्हती, फक्त इंग्रजी. "रविवार," मावशी म्हणाली, "फोन. मी बोलणं. तू शिकव."

भिंगरीला एकदम काम सापडलं. तीन आठवडे तिनं मावशीकडून पाच वाक्यं पाठ करून घेतली. माझ्या लाडक्या बाळा, मी तुझ्याशी बोलण्याची कितीतरी दिवसांपासून वाट पाहत होते. एकेक वाक्य असं घोटून की कुठं काना-मात्रेची चूक नको. मावशी शिवता शिवता म्हणायची, पाय मशीनवर आणि ओठ इंग्रजीवर.

रविवारी सकाळी भिंगरी तिच्या घरी गेली. मावशीनं दोऱ्याच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. पडद्यावर नात आली. पुढचा दात पडलेला, केस विस्कटलेले. तिनं भरभर काहीतरी विचारलं, आणि मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. पाचही वाक्यं उडून गेली. ती नुसती हसत राहिली. नात वाट पाहत राहिली, मग इकडे तिकडे पाहायला लागली.

ती शांतता भिंगरीला सोसवेना. अंगावर मुंग्या चढल्यासारखं झालं. चार श्वास तिनं कसेबसे धरले आणि पाचव्याला ती पुढे वाकून फोनसमोर आली. "तुझी आजी म्हणते आहे..." असं म्हणून जी सुरू झाली ती वीस मिनिटं थांबली नाही. पोरगी खुलली. पडलेला दात दाखवला, शाळेतली भांडणं सांगितली, एक गाणंही म्हणून दाखवलं. जाताना तिनं हात हलवला तो भिंगरीकडे पाहून.

मावशीनं चहा केला. आभार मानले. सोमवारी ती वर्गात आली नाही. मंगळवारीही नाही.

"तिनं नाव काढून घेतलंय," बुधवारी संचालिका म्हणाल्या. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. "मी विचारलं तर म्हणाली, त्या पोरीनं माझ्याकडे बघावं म्हणून मी सहा वर्षं थांबले. आणि ती बघत बसली बाईंकडे."

भिंगरीला आधी रागच आला. करायला गेले काय! मी नसते बोलले तर फोन दोन मिनिटांत संपला असता. चांगलं करायची सोयच नाही. तिनं खोलीवर येऊन पलंगाखालची सुटकेस ओढली, चार कपडे आत टाकले, मग दोन बाहेर काढले, खिडकी उघडली, लावली. शेवटी घरी फोन केला. या वेळी दादानं उचलला.

"आई देवळात गेलीय," तो म्हणाला. मग जरा थांबून, "कशी आहेस?"

एवढ्यानंच तिला रडू फुटलं.

"परत येतेस का? आत्ता तिकीट काढतो. मी काही बोलणार नाही, आईशपथ."

"दादा, आधी ऐक तर." तिनं सगळं सांगितलं. दात, गाणं, मोजपट्टी, सगळं. दादानं मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. मग म्हणाला, "रागावणार नसशील तर बोलू?"

"बोल."

"डॉक्टर आईला विचारतात, काय होतंय आजी, आणि उत्तर कोण देतं? तू. आई तोंड उघडते तोवर तुझं गुडघ्याचं सांगून झालेलं असतं. आता तू नाहीस, तर परवा तिनं स्वतः सांगितलं. अर्धा तास लागला. आणि भिंगरे, तिला गुडघ्याचं नव्हतंच सांगायचं. तिला झोप लागत नाही. तीन वर्षं झाली, म्हणे."

भिंगरी उभीच होती. पायाखालची फरशी कोमट होती. तिनं सुटकेस पायानं पलंगाखाली ढकलली आणि म्हणाली, "तिकीट काढू नकोस."

"बरं. काढत नाही. पण फोन करत जा. मी घेईन."

दुसऱ्या दिवशी तिनं लॉन्ड्रीवालीकडून त्या देशाच्या भाषेतलं एक वाक्य शिकून घेतलं. माझं चुकलं, मला माफ करा. लॉन्ड्रीवालीनं इस्त्री खाली ठेवून तिच्याकडून ते सात-आठ वेळा म्हणवून घेतलं. वाटेत भिंगरी ते पुटपुटत गेली आणि मावशीनं दार उघडताच म्हणून टाकलं.

मावशीचा चेहरा दगडासारखा होता. तो तसाच राहिला, मग ओठांचा एक कोपरा हलला. मग ती दाराला धरून हसायला लागली. हसता हसता खाली बसली, मोजपट्टीनं डोळे पुसले. कुठला तरी एक स्वर चुकला होता. मावशीनं दोरीवरचा ओला टॉवेल दाखवला, उन्हाकडे बोट केलं, मग भिंगरीकडे. तेव्हा भिंगरीच्या लक्षात आलं, की आपण दारात उभं राहून 'मी वाळले, मला माफ करा' असं म्हणालो आहोत.

"पुन्हा," मावशी म्हणाली, इंग्रजीत. "हळू."

भिंगरीनं पुन्हा म्हटलं. मावशीनं मान हलवली. पुन्हा. दहा वेळा झालं, बारा वेळा झालं. भिंगरीचे कान तापले. सोळा वर्षांत तिनं किती पोरांना असं उभं केलं होतं, ती सगळी पोरं रांगेनं तिच्या डोळ्यांपुढे आली. तेराव्या खेपेला मावशीनं दारातून बाजूला होत तिला आत घेतलं.

त्या आठवड्यात पाठांतर झालंच नाही. भिंगरीनं मावशीला विचारलं, नातीला काय विचारायचंय? मावशी म्हणाली, दात आला का. एवढंच? एवढंच. मग तीन शब्द ठरले, आणि ते उलटसुलट झाले तरी चालतील असंही ठरलं. भिंगरीला ते गिळायला जड गेलं, पण तिनं गिळलं.

रविवारी फोन लागला तेव्हा ती घरात थांबलीच नाही. आपल्याला गप्प राहवणार नाही हे तिला ठाऊक होतं. ती जिन्यात गेली आणि एक मजला खाली, एक मजला वर करत राहिली. दार उघडं होतं. आतून मावशीचा आवाज आला, "दात. नवा. दाखव." मग बराच वेळ काही नाही. भिंगरीनं कठडा घट्ट धरला. पाय आत जायला निघाले होते, ते तिनं मागे ओढले. शेजारच्या दारातून एका म्हाताऱ्यानं डोकावून तिला काहीतरी विचारलं. बहुधा, काही हरवलंय का? तिनं नाही अशी मान हलवली आणि पुन्हा खाली उतरली.

मग आतून पोरीचा हसण्याचा आवाज आला. तिनं काहीतरी भराभर विचारलं.

"पुन्हा," मावशी म्हणाली. "हळू."

पोरीनं पुन्हा विचारलं, हळू. मावशी काही बोलली. पोरगी काही बोलली. असं अडखळत अडखळत सहा-सात मिनिटं चाललं आणि फोन बंद झाला.

मावशी जिन्यात आली. गाल लाल झाले होते, कपाळावर घाम. तिनं भिंगरीचा दंड धरून तिला आत नेलं आणि शिलाई मशीनपुढे उभं केलं. "ती बघितलं," मावशी म्हणाली. "विचारलं, हे काय? मी बोलले, मशीन. ती बोलली, हे काय, हे काय?" मावशीनं मशीनच्या चाकावर बोट ठेवलं, मग सुई जिथं बसते त्या दांड्यावर, कापड दाबणाऱ्या पावलावर, खालच्या पट्ट्यावर, एका लहानशा स्क्रूवर. "मी बोलले, पुढचा रविवार. आता तू सांग. हे काय?"

भिंगरीनं मशीनकडे पाहिलं. सुई आणि चाक सोडलं, तर त्यातल्या एकाही भागाला इंग्रजीत काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं.

"मावशी," ती मराठीतच म्हणाली, मग इंग्रजीत, "मला नाही माहीत."

मावशीनं तिच्याकडे नीट पाहिलं. मग खण ओढून एक जुनं, तेलकट माहितीपत्रक काढलं आणि त्यावरची बारीक अक्षरं दिसावीत म्हणून दिवा जवळ ओढला.