रुपयाएवढी उघडी जागा

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. कुंभार पिंपळगावात काकासाहेबांच्या गोठ्यामागे बाभळीखाली माझा मुक्काम आहे. चारही चाके काढून मला विटांवर ठेवले आहे आणि मागच्या सीटवर एक खुडूक कोंबडी बसते. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार करायचाही आता कंटाळा येतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. बोटीने मुंबईला आले, तिथून सिकंदराबादेला एका साहेबाकडे गेले. त्याने मला चार वर्षे पिळून घेतले आणि हौस फिटल्यावर विकून टाकले. अशी मी काकासाहेबांच्या दारात आले. गावात दुसरी मोटार नव्हती. मी वेशीत शिरले की पोरे मागे धावायची, म्हातारी माणसे वाट सोडून बाजूला उभी राहायची. पंचक्रोशीतले एकही लग्न माझ्याशिवाय लागत नसे. कौतुक झाले, नाही म्हणत नाही. पण त्या कौतुकाने कंबर पार ढिली झाली. दुधनेच्या काठचा तो रस्ता म्हणजे रस्ता नव्हेच, नुसते खाचखळगे.

माझा ड्रायव्हर मच्छिंद्र. जालन्याच्या एका जिनिंगमध्ये तेलाच्या इंजिनावर हात काळे करून शिकलेला. इंजिन त्याला तोंडपाठ, पण विजेचे काम त्याच्यासाठी नवे होते. माझ्यावर त्याचा जीव मात्र भारी. आणि मित्रांनो, त्या जिवापायीच एकदा घोटाळा झाला.

साल एकोणीसशे सदतीस. खंडेनवमीला आमच्याकडे नांगर, कोयते, तराजू, जे म्हणून कामाचे, ते पूजेला बसते. मच्छिंद्राने आदल्या दिवशी मला धुतले. पायाखालची फळी उचलून बॅटरी बाहेर काढली आणि माझा सांगाडा तांबड्या तेलरंगाने असा रंगवला की नवरीने झक मारावी. रंग वाळल्यावर बॅटरी जागेवर ठेवून बोल्ट आवळले. दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. आता पूजेला बसवलेले हत्यार दसऱ्याच्या मुहूर्ताआधी चालवायचे नाही, हा घरचा नियम. त्यामुळे मला चालू करून कोणी पाहिलेच नाही.

दसऱ्याच्या दुपारी मुहूर्त होता तो उमाचा. काकासाहेबांची ही लेक सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. तिला हैदराबादेत दवाखान्यात नर्सचे काम शिकायला जागा मिळाली होती. दुसऱ्या दिवशी हजर झाली नाही तर जागा दुसरीला जाणार होती. वडिलांना राजी करता करता तिचे वर्ष गेले होते. संध्याकाळची गाडी परतूर स्टेशनावर; बैलगाडीने ती मिळणे शक्यच नव्हते. सगळी भिस्त माझ्यावर.

ट्रंक चढली. उमा चढली. मच्छिंद्राने बटण दाबले आणि मी गप्प. भोंगा गप्प, दिवे गप्प. हँडल मारून मारून त्याचा सदरा भिजला. माणसांनी वेशीपर्यंत ढकलत नेले. मी जड पायांनी नुसती गेले.

काकासाहेबांच्या बहिणीने, दुर्गाबाईंनी, तोंडाला पदर लावला. "शकुन धडधडीत दिसून राह्यलाय, दादा. पोरीला धाडू नको."

काकासाहेब म्हणाले, "पूजेला बसवलेली गाडी उठंना. देवीच्याच मनात न्हाई. उतर, उमे." आणि त्यांनी गड्याकडून ट्रंक खाली उतरवली.

मला सगळे कळत होते. दुखते कुठे तेही ठाऊक होते. पण तोंड नाही, सांगणार कशी? आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही.

उमा उतरली, पण घराकडे गेली नाही. मच्छिंद्राशेजारी मातीत बसली. "मच्छिंद्रदादा, शकुनाचं राहू द्या. हिला झालंय काय ते बघा."

"तेच बघून राह्यलो, ताई. पेट्रोल बराबर येतंय. प्लगही साफ केले. ठिणगीच न्हाई."

"मंग बॅटरी मेली का?"

मच्छिंद्राने दिव्याचा एक बल्ब काढला, त्याला तारेचे दोन तुकडे जोडले आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावले. बल्ब लख्ख पेटला. तो बुचकळ्यात पडला. ताकद आहे, मग इंजिनापर्यंत जात का नाही?

उमाने विचारले, "बॅटरीपासून कुठं कुठं जाते वीज?"

"एक तार इंजिनाकडं. दुसरी ही जाड पट्टी, सांगाड्याला आवळलेली. लोखंडातूनच वीज माघारी येते."

"मंग एकेक जागा बघू."

बल्बची एक तार बॅटरीच्या इंजिनाकडच्या टोकाला धरून मच्छिंद्र दुसरी पुढे सरकवू लागला. पट्टीच्या शेवटावर टेकवली, बल्ब पेटला. बोटभर पुढे सांगाड्यावर टेकवली, विझला. पुन्हा पट्टीवर, पेटला. पुन्हा सांगाड्यावर, विझला. उमा त्या चकचकीत तांबड्या रंगाकडे पाहत राहिली. मच्छिंद्राचा चेहरा उतरला. लोखंडाला लोखंड भिडायचे तिथे त्यानेच मायेने रंगाचा जाड थर दिला होता, आणि रंगातून वीज जात नाही.

आता त्याला गुपचूप रंग खरवडता आला असता. देवी पावली म्हटले असते तर नोकरीही राहिली असती, अब्रूही. पण ट्रंक जमिनीवर होती. मी चालू झाले असते तरी घडलेला अपशकुन काकासाहेब विसरणार नव्हते. मच्छिंद्र उठला, पागोटे काढून त्यांच्यापुढे उभा राहिला.

"मालक, शकुन बिलकुल न्हाई ह्यो. चूक माझी हाय. बोल्टाखाली रंग मीच दिला. मला काढा कामावरून, पण देवीला मधी आणू नका. पोरीची गाडी चुकंल."

दुर्गाबाई काही बोलायला गेल्या. काकासाहेबांनी हात वर केला. एकदा लेकीकडे पाहिले, एकदा मच्छिंद्राच्या काळ्या हातांकडे.

"मंग खरवड की! उभा काय राह्यला? जल्दी कर."

पेचकसाने रुपयाएवढी जागा उघडी झाली. पट्टी पुन्हा आवळली. बटण दाबताच मी अशी गरजले की माझ्यावरच्या माळा तुटून पडल्या. ट्रंक काकासाहेबांनी स्वतः चढवली. मित्रांनो, त्या दिवशी मी जशी पळाले तशी त्याआधी पळाले नाही आणि नंतरही नाही. गाडी मिळाली.

तेव्हापासून दर दसऱ्याला मच्छिंद्र मला रंगवायचा, पण ती जागा उघडी ठेवून बोटभर ग्रीस लावायचा, आणि पूजेला बसवण्याआधी मला एकदा चालू करून पाहायचा. मग लढाई आली, पेट्रोल मिळेनासे झाले. मच्छिंद्र वारला. ग्रीस लावायचे कुणाच्या लक्षात राहिले नाही. गंज धरला तो त्याच रुपयाएवढ्या जागेवरून, आणि आता तो माझ्या सांगाड्यात आरपार गेला आहे.

मला घरघर लागलीच आहे, तेव्हा एवढे ऐका. यंत्राची पूजा जरूर करा, फुले वाहा. पण त्याला दुखते कुठे तेही वाकून पाहा, आणि हातून चूक झाली तर ती देवाच्या माथी मारू नका.

यंदा निजामाचे राज्य गेले. त्यानंतरच्या दसऱ्याला उमा आली होती. आता ती जालन्याला नर्स आहे, केसांत पांढरे दिसू लागले आहे. तिने कोंबडीला हळूच उठवले, फळी उचलली आणि त्या जागेवर अंगठा फिरवला. अंगठा तांबडा झाला. तो पुसायच्या आधी तिने मागे उभ्या असलेल्या भाच्यांना दाखवला.

"हितून गेल्ते मी," ती म्हणाली.