हिल हाउसचा न धुतलेला चषक

बिअरच्या नळ्या दोन आठवडे धुतल्या नाहीत, तर त्यांच्या आत राखाडी, बुळबुळीत थर धरतो. यीस्ट, जिवाणू, आणि तोटीच्या तोंडाशी थोडी काळी बुरशी. कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी सोडलं की तो सुटतो आणि शेंबडासारखा बादलीत पडतो. 'हेरॉन' बारमध्ये दर दुसऱ्या सोमवारी सकाळी हे काम मी करते. कॉलेजात असताना धरलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन वर्ष झालं, प्रयोगशाळेत नोकरी लागेपर्यंत चालूच ठेवलंय. त्या थराची मला किळस येत नाही. तो का होतो ते मला माहीत आहे, आणि कशानं जातो तेही.

किळस यायची ती गल्ल्याच्या वर हुकाला टांगलेल्या चषकाची.

गावात कॉलेजच्या मुलांच्या अकरा फ्रॅटर्निटी, म्हणजे निवडून सभासद घेणाऱ्या मंडळ्या, आहेत. प्रत्येकीचं राहायचं घर वेगळं आणि बसायचा बारही ठरलेला. हेरॉन हा हिल हाउसचा. हिल हाउस म्हणजे गावातलं सगळ्यांत चांगलं नाव. त्यांचे मार्क सगळ्यांपेक्षा जास्त, रक्तदान शिबिर त्यांचं, अग्निशमन दलासाठी पॅनकेकची न्याहारी त्यांची. मुलाला तिथं घेतलं की आईवडील गाडीच्या मागच्या काचेवर स्टिकर लावतात. आणि घरात घेतात ते असं: नव्या मुलानं सगळ्यांसमोर, ह्या बारमध्ये, बिअर आणि व्हिस्की भरलेला सव्वादोन लिटरचा चषक एका दमात संपवायचा. मग खिळ्यानं तळाशी आपली आद्याक्षरं आणि लागलेले सेकंद स्वतःच्या हातानं कोरायचे. कोरल्याशिवाय चषक हुकावर जात नाही.

आणि तो कधी धुवायचा नाही. धुतला तर घराचं नशीब धुऊन जातं म्हणे. आतून तो तपकिरी-काळा पडलाय. जवळ गेलं की व्हिनेगरचा आणि ओल्या नाण्यांचा वास येतो. पहिल्याच वर्षी मी तो उतरवायला गेले, तेव्हा बारचा मालक डेल होफर ओरडला होता, "त्याला हात लावायचा नाही, थिया! बाकी सगळा बार तुझा, तेवढं एक माझं." डेल स्वतः हिल हाउसचाच, तीस वर्षांपूर्वीचा.

त्या सोमवारी मी आले तेव्हा चषक सिंकमध्ये होता.

"आज हाही घे," डेल म्हणाला. त्याची पाठ माझ्याकडे होती. तो स्वच्छ ग्लास पुन्हा पुसत होता.

"धुवायचा?"

"सोड्यात बुडवून ठेव. उद्यापर्यंत."

"डेल, हा अ‍ॅल्युमिनियमचा आहे. सोड्यानं खाल्ला जाईल. मागं तुमचं पातेलं गेलं होतं, तेव्हा सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतंस," तो म्हणाला. "लक्षात आहे माझ्या."

तो ते कसं म्हणाला, ते समजायला मला थोडा वेळ लागला. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम विरघळवतो, वरून बारीक बुडबुडे सुटत राहतात. वर्षापूर्वी मी त्याला हे हौसेनं समजावलं होतं, कागदी रुमालावर समीकरण लिहून. एका दिवसात त्या तळावर एक अक्षर उरणार नाही, हे त्याला माझ्यामुळे माहीत होतं.

मी चषक उलटा केला.

तळभर अक्षरं होती, एकात एक अडकलेली, वाकडी, घसरलेली. सव्वादोन लिटर पिऊन खिळा धरला की हात असाच चालतो. सगळ्यांत नवी खूण अजून चकाकत होती. ओ. टी., बावन्न. ही मात्र सरळ होती. छापल्यासारखी.

ओवेन तेस्मरचं नाव गावात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. अठरा वर्षांचा, पहिल्या वर्षाचा. गुरुवारी वसतिगृहाच्या खोलीत बेशुद्ध सापडला, ओठ निळे, अंगाखाली ओकारी. शुद्धीवर आला शनिवारी आणि त्याला काहीच आठवत नव्हतं. हिल हाउसनं सांगितलं, तो त्यांच्यापैकी नव्हताच अजून, एकटाच खोलीत पीत बसला असणार. बुधवारी कॉलेजची शिस्त समिती बसणार होती. वय कमी, दारू एकट्यानं आणि स्वतःच्या मर्जीनं, म्हणजे त्याला काढून टाकणार, हे जवळपास ठरलेलं होतं. कुणी पाजली असेल, तर गोष्ट वेगळी.

दारातून ब्रॉडी केल्सो आत आला. हिल हाउसचा अध्यक्ष. इस्त्रीचा शर्ट, हातात पॅनकेकच्या तिकिटांचा गठ्ठा.

"काय शास्त्रज्ञ बाई! आज कुठला शोध?" त्यानं सिंकमध्ये वाकून पाहिलं. "अजून कोरडाच? डेल, तुम्ही तर म्हणालात सकाळीच होईल."

"होईल, होईल."

"धुतला तर नशीब जातं ना तुमचं?" मी विचारलं.

"नवं आणू." तो हसला. त्याचे दात फार छान आहेत. "साठ वर्षांचा मळ आहे, थिया. तूच नाक मुरडायचीस. आता धुवायला देतोय तर तुझं तोंड वाकडं."

"ही ओ. टी. कुणी कोरली?"

त्याचं हसू तसंच होतं. "कुठली?"

"ही. बाकी सगळी दारू प्यालेल्या हाताची आहेत. हिचा हात स्थिर आहे."

"तू ना, खरंच प्रयोगशाळेत जा. इथं फुकट चाललीस." तिकिटांचा गठ्ठा त्यानं काउंटरवर ठेवला. "माझे काका बसतात तिकडच्या औषध कंपनीत. शब्द टाकतो. मनापासून सांगतोय."

तो गेल्यावर मी डेलकडे पाहिलं. "त्याला खिळा धरता येत नव्हता ना? मग कुणीतरी त्याच्यासाठी कोरलं. तो खाली पडलेला असताना."

"कोरल्याशिवाय हुकावर जात नाही," डेल म्हणाला. सवयीनं म्हणून गेला. मग त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "श्वास चालू होता त्याचा. मी बघितलं होतं. पोरांनी नीट नेला त्याला खोलीत. थिया, परवाना गेला तर बार गेला. मला दुसरं काय येतं?"

बावन्न सेकंद. म्हणजे कुणाच्या तरी हातात घड्याळ होतं. कुणीतरी आकडा वाचला, कुणीतरी तो टापटीप कोरला, कुणीतरी स्टुलावर चढून चषक हुकाला लावला. मग मुलाला उचललं. ह्या क्रमानं.

मी टबमध्ये सोड्याचं पाणी काढलं, कारण नळ्यांसाठी ते लागणारच होतं. चषक बाजूला ठेवून ते नळ्यांत सोडलं. थोड्या वेळानं मीच तो चषक बुडवेन असं डेलला वाटत असावं. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं. तीन वर्षं मी ह्या बारच्या नळ्या आतून स्वच्छ ठेवल्या होत्या, आणि वर काय टांगलंय ते रोज पाहिलं होतं.

दहाच्या सुमाराला एक बाई आत आल्या. पावसाळी कोट, हातात मोठी कापडी पिशवी. दारातच थांबून म्हणाल्या, "बार बंद आहे का? मी ओवेनची आई. लोरेन तेस्मर."

डेल लगबगीनं पुढं झाला. खुर्ची दिली, कॉफी ओतली, साखर विचारली. तो वाईट माणूस दिसत नाही. तीच अडचण आहे.

"मी सगळ्या बारमध्ये जातेय," त्या म्हणाल्या. "गुरुवारी तो कुठं दिसला का, एवढंच. तो एकटा पिणारा मुलगा नाही हो. लाजाळू आहे. एकट्याला जेवायलाही जात नाही."

"इथं नव्हता, मॅडम," डेल म्हणाला. "असता तर मीच हाकलला असता. आम्ही ओळखपत्र बघतो."

"हिल हाउसची मुलंही तेच म्हणाली. फार चांगली मुलं. इस्पितळात फुलं घेऊन आली होती, सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड." त्यांनी पिशवीवर हात फिरवला. "ओवेनला तिथंच जायचं होतं. मला म्हणाला होता, आई, त्यांनी घेतलं ना, तर सगळं ठीक होईल. आणि बघा, घेतलं नव्हतं तरी भेटायला आली. अध्यक्ष तर माझा हात धरून रडला."

मी चषक उचलला, त्यांच्यासमोर काउंटरवर उलटा ठेवला आणि नव्या खुणेवर बोट ठेवलं.

"थिया," डेल म्हणाला.

"मॅडम, त्यांनी घेतलं होतं त्याला. गुरुवारी, इथंच. घेतलेल्या प्रत्येकाचं नाव ह्यावर असतं."

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिल्या, जणू तिथं दोन अक्षरांपेक्षा जास्त काही होतं. "हे ओवेनचं अक्षर नाही."

"नाही. त्याचा हात चालत नव्हता."

"आणि बावन्न?"

"सेकंद."

त्यांनी चषक सरळ केला, आत पाहिलं आणि झटकन तोंड फिरवलं. "ह्यातून? ह्यातून पाजलं माझ्या मुलाला?"

त्यांनी कॉफीचा कप दूर सारला, फार हळू, सांडू नये म्हणून. चषक पिशवीत घातला. मी गुंडाळायला फडकं पुढं केलं, तर मानेनंच नको म्हणाल्या.

"बुधवारी तू बोलशील?"

"बोलेन."

त्या गेल्या. डेल स्टुलावर बसला. "ती बादली ठेव आणि जा. पुन्हा येऊ नकोस."

"लगेच जाता येणार नाही. नळ्यांत सोडा आहे. तसाच राहिला तर पहिला ग्लास पिणाऱ्याचा घसा जळेल."

मी एकेक तोटी उघडून पाणी सोडत गेले, प्रत्येक बादलीत लिटमसचा कागद बुडवत. मागं डेल फोनवर दबक्या आवाजात बोलत होता: "ब्रॉडी? ऐक. चषक गेला." नवव्या बादलीपर्यंत लाल कागद सोड्यानं निळाच होत राहिला. बाराव्या बादलीला तो लाल राहिला, म्हणजे सोडा गेला होता. मी हात धुतले, दोनदा, आणि तरी वास गेला नाही.