लितासच्या घरची पायरी

सोरिंगच्या हातांना अख्खं मोलो गाव ओळखत होतं. कुणाचा खांदा निखळला, कुणाची कंबर धरली, बाळंतिणीचं अंग दुखायला लागलं, की माणसं आधी तिचं दार ठोठावत आणि मग डॉक्टरकडे जात. मालिशच्या त्याच कमाईवर तिने नवऱ्यामागे मुलाला, रोमेलला, वाढवलं होतं. लितासकडे मात्र ती रोज जाई आणि पैशाचा विषयही काढू देत नसे. लितास तिची कुमारे, म्हणजे मुलाची धर्ममाता. रोमेलच्या बाप्तिस्म्याला तिने त्याला हातांवर धरलं होतं, आणि असं नातं तिथे सख्ख्या बहिणीपेक्षा कमी मानत नाहीत. लितासचा नवरा एस्तेबान अर्धांगवायूने माडीवर पडून होता. सोरिंग त्याचे हातपाय खोबरेल तेलाने चोळायची आणि गल्लीतल्या भानगडी त्याला तिखटमीठ लावून सांगायची. अर्ध्या तोंडाने का होईना, तो हसायचा.

गावचा उत्सव जवळ आला तेव्हा लितासने जिन्यावर नवं मेणकापड अंथरलं. त्याच आठवड्यात मालिश उरकून खाली येताना सोरिंगच्या पायाखालची पायरी कडकन मोडली. आतून वाळवीने पोखरली होती. ती गडगडत खाली आली ती उजव्या हातावरच. मनगटाचा चुरा झाला.

इस्पितळात लितास पेजेचा डबा घेऊन धावत आली. खाटेशी बसून हमसाहमशी रडली.

“कुमारे, माझंच चुकलं गं. पायरी सडलीय हे ठाऊक होतं मला. पाहुण्यांना दिसू नये म्हणून झाकून टाकली. तुला सांगायचं सुचलंच नाही बघ.”

“अगं, असू दे. मी काय परकी आहे?” सोरिंग म्हणाली. उलट तीच डाव्या हाताने लितासची पाठ थोपटत राहिली.

मनगटात धातूची पट्टी घातली, पण बोटं मिटेनात. डॉक्टरांनी सांगितलं, मालिश आता विसरा. इस्पितळाचं देणं डोक्यावर, आणि दारात येणारी माणसं तिचा हात बघून परत जाऊ लागली.

“आई, भरपाई मागायला हवी. घर त्यांचं, चूक त्यांची,” रोमेल म्हणाला.

“कुमारेवर दावा लावू? लोक तोंडात शेण घालतील माझ्या.”

“मग खायचं काय आपण? तिची पेज?”

तिने खूप दिवस टाळलं. शेवटी तयार झाली. अशा तक्रारी आधी बरांगायच्या, म्हणजे वस्तीच्या, कचेरीत तिथल्या प्रमुखासमोर, कॅप्टनसमोर मिटवाव्या लागतात. ‘भांडायचं नाही, नुसतं बोलायचं,’ असं रोमेलकडून वदवून घेऊनच ती तिथे गेली.

लितास आधीच येऊन बसली होती. शेजारी तिचा पुतण्या होता, शहरात वकिलाकडे कारकुनी करणारा. लितासने वर पाहिलं नाही.

“पायरी खराब आहे हे तुम्ही यांना सांगितलं होतं?” कॅप्टनने विचारलं.

लितासने पुतण्याकडे बघितलं. मग हातातल्या रुमालाशी बोलल्यासारखं म्हणाली, “सांगितलं होतं. रोज सांगायचे, जपून उतर म्हणून. तीच ऐकायची नाही.”

रोमेल ताडकन उठला. “मावशी, देवाला तरी घाबर!”

सोरिंगने त्याला खाली बसवलं. इतक्या दिवसांत मनगट ठणकलं नव्हतं असं तिच्या छातीत काहीतरी ठणकलं.

“कुणी साक्षीदार आहे का?” कॅप्टनने विचारलं.

“एस्तेबानकाका आहेत ना,” रोमेल म्हणाला. “खाटेवरून सगळं ऐकत असतात ते.”

दुसऱ्या दिवशी मायलेक लितासकडे गेले. नाही म्हणायचं धैर्य लितासला झालं नाही. मोडक्या पायरीवर आता फळी ठोकली होती. सोरिंगला बघताच एस्तेबानचा चेहरा उजळला आणि त्याने आपला लुळा हात चांगल्या हाताने पुढे ढकलला, मालिशसाठी. सोरिंगने आपलं वाकडं मनगट पाठीमागे लपवलं.

रोमेलने रेकॉर्डिंग लावून फोन त्याच्या तोंडाजवळ धरला. “काका, पायरी सडलीय असं मावशीने माझ्या आईला कधी सांगितलं होतं का?”

एस्तेबानने बायकोकडे पाहिलं. लितास गरम पाण्याचं घमेलं धरून दारात उभी होती.

“नाही... सांगि... तलं,” तो म्हणाला आणि ओक्साबोक्शी रडू लागला. लाळ गळून उशी भिजली. पाणी हिंदकळून लितासच्या पायांवर सांडलं, तरी ती हलली नाही.

“झालं! ऐकलंस ना आई? आता बघतोच मी,” रोमेल म्हणाला.

“पुसून टाक ते.”

“काय?”

“पुसून टाक म्हणते ना. या माणसाला उद्याही हिच्याच हातचं खायचंय.”

रोमेल चडफडला, पण त्याने पुसलं. सोरिंग लितासकडे वळली. “कचेरीत तू जे बोललीस ते खोटं होतं, एवढं मला इथे सांग. कागदावर नको, कॅप्टनसमोर नको. मला सांग. मग तुझ्याकडून काही नको मला.”

“माझी पोरगी हाँगकाँगहून फोन करते,” लितास कशीबशी म्हणाली. “म्हणते, कबूल केलंस तर घर जाईल. यांना घेऊन मी कुठे जाऊ?”

“मी घर मागितलं होतं का गं?”

लितास वाकून सांडलेलं पाणी पुसू लागली. सोरिंग कठडा धरून जिना उतरली.

कॅप्टनने पुढच्या बैठकीत तडजोड घडवली. इस्पितळाचं निम्मं देणं लितासने भरायचं ठरलं, आणि तिने ते भरलं, पुतण्याच्या हाती. रोमेल मासळी बाजारात हमालीला लागला. लितासच्या गल्लीतून जायला नको म्हणून सोरिंग बाजाराला लांबच्या रस्त्याने जाऊ लागली.

पावसाळा सरता सरता एस्तेबान गेला. सोरिंग चर्चमध्ये अगदी मागच्या बाकावर बसली. शवपेटी बाहेर निघाली तेव्हा तिच्यामागून चालणारी लितास त्या बाकाशी थबकली. ओठ हलले. पण मागून माणसं पुढे सरकत होती. त्या गर्दीने तिला ढकलत दाराबाहेर नेलं.

घरी आल्यावर सोरिंग डाव्या हाताने तांदूळ धुवायला बसली.

“मावशी काही बोलली का गं?” रोमेलने विचारलं.

“बोलली असेल. मला ऐकू नाही आलं,” ती म्हणाली. मग पातेलं बाजूला सारून पदरात तोंड खुपसावं तसं तिने झग्याच्या घोळात तोंड लपवलं आणि पडल्यापासून पहिल्यांदाच पोराच्या देखत रडली.